वाचायला दिलेली डिस्क

इनास,

तू गेल्याला महिना होतोय, त्या दिवशीच्या चर्चमधल्या मिस्सेला वाटायची म्हणून एक छोटी पुस्तिका निघतेय आणि तुझ्या बायकोने, लुसीने, माझ्याकडून दोन पानं मागितली आहेत. तू किती चांगला होतास ते बाकीचे लिहितील. ते खरंच आहे, त्यात मी भर घालत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती आधीच लिहून टाकते, कारण शेवटी ठेवली तर मी पुन्हा टाळेन. तुझी डिस्क आपोआप गेली नव्हती. तुझ्या फ्रीबीएसडीचा त्यात काहीही दोष नव्हता. ती मी घालवली. तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणाले, आणि पुढे सात वर्षं ते खोटं तसंच राहू दिलं.

आता पुस्तिका वाचणाऱ्यांना हे कसलं प्रकरण ते कळायला हवं, म्हणून जरा मागून सांगते. मी सांगत असताना तू मध्ये तोंड घालणार नाहीस, असं पहिल्यांदाच होतंय. मला त्याची सवय नाही.

आपण दोघं वसईत स्टेशनच्या पूर्वेला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. मी चिपळूणकडची, लग्न होऊन एव्हरशाईन सिटीत आलेली, जीभ तिरकस. तू जवळच्या गास गावचा. सकाळी वाडीतली केळी आणि पानवेली बघायचास आणि दुपारी स्कूटरवरून क्लासला यायचास, पायाला चिखल तसाच. कुवेतहून सुट्टीवर आलेल्या तुझ्या चुलतभावाने तुला फ्रीबीएसडीच्या चार सीडी आणून दिल्या होत्या. माझ्याकडे मासिकाबरोबर फुकट आलेली लिनक्सची एक सीडी होती. दोन्ही विंडोजच्या जागी मशीन चालवणाऱ्या सिस्टीम, युनिक्सच्या घराण्यातल्या, दोन्ही फुकट, आणि दोन्ही शिकवायला वसईत कोणी मास्तर नाही. क्लासचे मालक म्हणाले, कोपऱ्यात दोन जुनी मशीन पडली आहेत, एकेक घ्या आणि काय धुडगूस घालायचा तो घाला, फक्त मुलांच्या मशीनला हात लावू नका.

तिथून आपलं भांडण सुरू झालं.

"तुझं लिनक्स म्हणजे आठवड्याचा बाजार आहे," तू म्हणालास. "गाभा एकाचा, वरचं सामान दहा जणांचं, आणि सगळं बांधून देणारा अकरावाच. माझ्याकडे सगळं एका घरात शिजतं."

"एका घरात शिजतं म्हणून रोज दोनच भाज्या असतात," मी म्हणाले. "आधी तुझा प्रिंटर चालू करून दाखव."

तुझा प्रिंटर कधी धड चालला नाही. साउंड कार्ड चाललं ते एका कानाने. देवनागरी छापायची सोय मी माझ्या मशीनवर महिनाभर झटून जुळवली होती, तुझ्याकडे ती शेवटपर्यंत जमली नाही. जुनं, नवं, कुणाच्या घरून फेकून दिलेलं कसलंही सामान आणा, माझं लिनक्स त्याच्याशी काही ना काही जुळतं घ्यायचं. त्यावर तुझं ठरलेलं उत्तर होतं. "तुझे प्रोग्राम माझ्या मशीनवर चालतात. माझे तुझ्यावर चालतात का? मग जुळतं कोण घेतंय?" ते खरं होतं, आणि म्हणूनच मी विषय बदलायचे. एकदा तू मुंबईहून स्वस्तातला मोडेम आणलास. तो तुझ्याकडेही चालला नाही आणि माझ्याकडेही नाही. त्या दिवशी आपण दोघांनी मिळून त्या मोडेमला शिव्या घातल्या आणि दुपार छान गेली.

स्थिर कोण, हा वाद मात्र वसईत पुस्तकाप्रमाणे घालायची सोयच नव्हती. पुस्तकात लिहिलेलं असायचं की अमुक मशीन महिनोन्‌महिने बंद न पडता चाललं. आपल्याकडे महिने कसले, दोन दिवस सलग वीज राहिली तर शेजारी एकमेकांना विचारायचे, काय झालंय. मग आपण आपली वेगळी परीक्षा काढली. वीज जाणार हे ठरलेलंच आहे ना, तर जाऊ दे. दोन्ही मशीनना इन्व्हर्टर लावायचा नाही, आणि वीज आल्यावर न कुरकुरता कोण उठतं ते बघायचं. मुलांच्या हजेरीच्या जुन्या कागदांच्या पाठीमागे आपण त्याची नोंद ठेवायचो. हरेल त्याने महिन्याच्या शेवटी खायला आणायचं, हा नियम तूच काढलास. बाहेरच्या लोकांना हे वेडेपण वाटेल. क्लासमधल्या मुलांना तर वाटायचंच. पण युनिक्सची दोन भावंडं लोडशेडिंगमध्ये कशी वागतात हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं, आणि आपल्याला तेच हवं होतं.

त्या दिवसांतलं लिनक्स उठताना फार छळायचं. डिस्क तपासायला बसायचं ते बसायचंच, आणि अर्ध्यात थांबून मलाच विचारायचं, हे दुरुस्त करू का, ते दुरुस्त करू का. मला काय कळतंय त्यातलं. मी आपली हो, हो, हो दाबत राहायचे. तुझं मशीन तोवर स्वतःचं स्वतः आवरून कामाला लागलेलं असायचं. तू काही बोलायचा नाहीस. हजेरीचा कागद उलटा करून त्यावर शांतपणे एक रेघ ओढायचास. तुझं ते न बोलणं मला जास्त झोंबायचं. सहा महिन्यांत पाच वेळा मी खोबऱ्याच्या वड्या करून आणल्या. सहाव्या महिन्यात तू दया म्हणून हरलास असा मला संशय आहे.

तुझ्याकडून मी काय घेतलं तेही सांगते, नाहीतर लोकांना वाटेल नुसतं भांडणच होतं. कोणी काही अडलं म्हणून आलं की तू म्हणायचास, "आधी मॅन्युअलचं पान वाच, मग मला विचार." मला ते उर्मटपणाचं वाटायचं. नंतर कळलं की तू स्वतःही तसाच शिकला होतास, वाडीत पंपाच्या खोलीत बसून, डिक्शनरी मांडीवर ठेवून. मीही तसं वाचायला लागले. आज माझं पोट त्या वाचनावर चालतं. आणि दुसरं म्हणजे, क्लासला येणारे पालक माझ्याकडे बघून विचारायचे, "सर कुठे आहेत?" तू तिथे असलास की म्हणायचास, "मला यातलं येत नाही, मॅडमना विचारा." तुला सगळं येत होतं. पण मान खाली घालून, कीबोर्डवरचा हात न उचलता, तू प्रत्येक वेळी तेच सांगायचास. यासाठी मी तुला कधी थँक यू म्हटलं नाही. आज म्हणते.

आता विहिरींचं सांगते.

तुमच्या गावात आणि आसपास वाड्यांतल्या विहिरींचं आणि बावखलांचं, म्हणजे छोट्या तळ्यांचं, पाणी खाली चाललं होतं आणि चव बदलत होती. सगळे बोलायचे, लिहून ठेवत कोणी नव्हतं. तू ठरवलंस की लिहायचं. दर रविवारी मिस्सेहून आलं की लोक तुझ्या ओटीवर येऊन सांगायचे, पाण्याला किती दोर लागला आणि पाणी गोडं, मचूळ की खारं. सुरुवातीला लोक हाताने मोजून यायचे. एकाचा हात लांब, दुसऱ्याचा आखूड. तू चिडलास. सगळ्यांना एकसारख्या अंतरावर गाठी मारलेले दोर करून वाटलेस, आणि कोणी अंदाजाने आकडा सांगितला तर त्याला परत पाठवायचास. एक म्हातारे तुला म्हणाले होते, "अरे पोरा, पानी खारं झालं ते जीभ सांगते, गाठी कशाला?" तू म्हणालास, "बाबा, जीभ फाईलमध्ये बसत नाही."

पहिल्या वर्षाचं सगळं वहीत होतं. मग तू थेट मशीनमध्ये लिहायला लागलास, अर्थात तुझ्या फ्रीबीएसडीवर. फ्लॉप्यांवर प्रती काढून ठेवायचास, पण त्या घरातल्या लाकडी पेटीत, आणि आपल्याकडची हवा ठाऊक आहे.

यात एक गोष्ट आपण दोघांनी कधी उच्चारली नाही. आमच्या सोसायटीत तेव्हा टँकरचं पाणी यायचं. टँकर कुठे भरून येतो हे मी विचारत नव्हते, आणि तूही सांगत नव्हतास. तू घरी आलास की मी पाण्याचा तांब्या पुढे ठेवायचे, तू प्यायचास आणि विहिरींचा विषय काढायचा नाहीस. माझ्या घरात बसून मला लाज वाटेल असं तू काही बोललास, असं एकदाही झालं नाही.

चार वर्षांच्या नोंदी झाल्या आणि पाण्याच्या प्रश्नावर सरकारी अधिकाऱ्यांबरोबर एक बैठक ठरली. तुला तक्ते मराठीत छापून हवे होते, आणि तुझा प्रिंटर तर असा. तू डिस्क मशीनमधून काढलीस, टॉवेलमध्ये गुंडाळलीस आणि माझ्या घरी घेऊन आलास. "आधी गेल्या वर्षाचा तक्ता छाप, तो कसा दिसतो ते बघू, मग मागचे," म्हणालास. आणि दारात थांबून म्हणालास, "सुनंदा, तुझं लिनक्स माझी डिस्क वाचतं, ते ठीक. वाच. लिहू नकोस."

मी म्हणाले, "हो रे बाबा. मला शिकवतोस?"

गेल्या वर्षाचा तक्ता मी त्याच संध्याकाळी छापला. छान आला. तिथे थांबायला हवं होतं. पण मी कसली थांबते. मला वाटलं, आता याची जिरवायची चांगली संधी आहे. लिनक्समध्ये फ्रीबीएसडीच्या डिस्कवर लिहायचीही सोय होती, फक्त ती आपण होऊन चालू करावी लागायची, आणि ती चालू करायच्या ओळीसमोर चक्क 'धोकादायक' असं लिहिलेलं असायचं. मी लिनक्सचा गाभा पुन्हा बांधून घेतला आणि ती सोय चालू केली. मग तुझ्या डिस्कवर, तुझ्या नोंदींच्या शेजारी, एक छोटी फाईल ठेवली. तिच्यात एकच ओळ होती: 'ही ओळ लिनक्सने लिहिली आहे, आता बोल.' तू घरी जाऊन मशीन चालू करशील, ती फाईल बघशील, आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून क्लासला येशील, असं मला वाटलं होतं. मला इतकं हसू येत होतं की मी आमच्या ह्यांनाही बोलावून दाखवलं. त्यांना काही कळलं नाही, ते बरं म्हणून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तू डिस्क नेलीस. संध्याकाळी तुझा फोन आला. मी हसायच्या तयारीने फोन उचलला.

"सुनंदा, डिस्क नीट उघडत नाहीये," तू म्हणालास. "तपासणी करते आणि फायली काढून टाकते. मधली दोन वर्षं दिसत नाहीत."

तू पुढे विचारलंस, "तू काही केलंस का?"

"नाही," मी म्हणाले. "मी फक्त वाचली."

"बरं," तू म्हणालास. "तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार. मग दुसरीकडे शोधतो."

इतकंच झालं. तू आणखी एकदा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, असं मी पुढे स्वतःला फार वेळा समजावलं. ते खोटं आहे. तू शंभर वेळा विचारलं असतंस तरी त्या दिवशी मी सांगितलं नसतं. मला भीती वाटली. तुझी आणि तुझ्या गावाची दोन वर्षं मी एका चेष्टेपायी घालवली, हे मला तोंडाने म्हणता येईना. आणि खरं सांगायचं तर त्याहूनही मोठी भीती ही होती की तू भांडणार नाहीस. नुसता गप्प बसशील. तुझं गप्प बसणं मला हजेरीच्या कागदापासून माहीत होतं.

पेटीतल्या फ्लॉप्या बुरशीने गेल्या होत्या. तू महिनाभर शोधत बसलास. आधी विजेला दोष दिलास. मग डिस्कला. डिस्क चार प्रकारे तपासलीस, ती ठणठणीत निघाली. परदेशातल्या फ्रीबीएसडीवाल्यांना ईमेलने पत्रं पाठवलीस, टेलिफोनची लाईन किरकिरत असताना तासन्‌तास उत्तरांची वाट बघितलीस. त्यांनी विचारलं, ही डिस्क दुसऱ्या कुठल्या सिस्टीमने उघडली होती का? तू उत्तर दिलंस, फक्त वाचायला. ते उत्तर तू मला वाचून दाखवलंस. तपासणीत जे तुकडे हाती लागत होते त्यांत माझी ती ओळ सापडेल आणि मी पकडली जाईन, असं मला रोज वाटायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. पण माझी ओळही गेली होती. पुरावा म्हणून काही उरलंच नाही.

शेवटी तू एका दुपारी क्लासमध्ये सगळ्यांसमोर म्हणालास, "सुनंदाचं बरोबर होतं. मी आंधळा विश्वास ठेवला. आजपासून माझ्या मशीनवर लिनक्स." आणि नियमाप्रमाणे, हरलास म्हणून, घरच्या केळ्यांची सुकेळी घेऊन आलास. केळीच्या सोपटात बांधलेली, लुसीने निगुतीने वाळवलेली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी दोन खाल्ली. छान लागली, हे मला अजून सहन होत नाही.

मग ती बैठक. मला तू आग्रहाने बरोबर नेलंस, तक्ते मी छापलेले म्हणून. ते अधिकारी काही वाईट नव्हते. बोट ठेवून एकेक ओळ वाचत होते. गाठींचा दोर त्यांना आवडला. मग त्यांचं बोट थांबलं.

"पहिल्या वर्षी पाणी गोडं, चौथ्या वर्षी मचूळ. ठीक," ते म्हणाले. "पण मधली दोन वर्षं कुठेत? कधी बदललं, कशाने बदललं, हे त्याशिवाय कसं दिसणार?"

तुमच्याकडच्या विहिरी उपसणारे टँकर वाढले ते त्याच दोन वर्षांत. तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, मागे बसलेल्या वाडीवाल्यांना ठाऊक होतं. कागदावर तेवढं नव्हतं.

तू उभा राहिलास. "साहेब, ती गेली. चूक माझी आहे. मी ज्या सिस्टीमवर ती ठेवली ती भरवशाची नव्हती. या मॅडमनी मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले, कौतुकाने. मी टेबलाकडे बघत बसले. अधिकाऱ्यांनी तक्ते माहितीसाठी म्हणून ठेवून घेतले. बाहेर आल्यावर तुमच्यातलेच एकजण तुला म्हणाले, "इनास, कॉम्प्युटरच्या नादाला लागलास, वहीत लिहिलं असतंस तर?" तू मान हलवलीस. त्यांच्यापुढे तू तसा मान हलवून उभा आहेस, हे मला अजून जसंच्या तसं दिसतं.

त्यानंतर जे झालं त्याला हसावं की रडावं ते मला कळत नाही. तू लिनक्सवाला झालास तो माझ्यापेक्षा कडवा. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, तू तर पाणीही फुंकून प्यायला लागलास. रोज तीन तीन प्रती. मुलांना सांगायचास, फ्रीबीएसडी नको, मी तोंडघशी पडलोय. आणि मी, जिने ते खरं ठरवण्यासाठी तीन वर्षं घसा फोडला होता, ती मी फ्रीबीएसडीची बाजू घ्यायला लागले. म्हणायचे, अरे, ती सिस्टीम वाईट नाही, नवी आवृत्ती आलीये, पुन्हा एकदा घालून बघ. तू म्हणायचास, "आता का उलटतेस? जिंकलीस तर गप्प बस की." मी म्हणायचे, "एकदाच अपघात झाला म्हणून गाडी सोडतात का?" तू म्हणायचास, "ज्या गाडीच्या अपघाताचं कारण सापडत नाही, ती गाडी मी चालवत नाही."

कारण तुझ्यासमोर चहा पीत बसलेलं होतं.

सात वर्षं तू माझी बाजू लढवलीस आणि मी तुझी. क्लास बंद झाला, मी एका कंपनीत लागले, तू वाडी आणि तालुक्यातल्या दोनचार शाळांची मशीन सांभाळत राहिलास. पण महिन्यातून एकदा माझ्याकडे चक्कर ठरलेली. लिनक्सही तोवर सुधारलं होतं, वीज गेली तरी काही न विचारता उठायला लागलं होतं, आणि तू त्याचं श्रेय मला देऊन मोकळा व्हायचास. गेल्या दिवाळीनंतर आलास तेव्हा मी पुन्हा विषय काढला. त्या दिवशी मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. सकाळपासून मनात वाक्य जुळवलं होतं. तू तांब्यातलं पाणी प्यायलास आणि म्हणालास, "हे बघ, मला त्या डिस्कचं दुःख नाही आता. मी तिच्यावर जीव लावला होता आणि मला माणूस ओळखता आला नाही, असं वाटत राहतं. म्हणजे सिस्टीम. तू समजलीस." मी समजले, म्हणाले. आणि ताट वाढायला उठले.

तुझा स्वतःच्या पारखीवरचा विश्वास मी काढून घेतला होता. डिस्क गेली, नोंदी गेल्या, ते एक झालं. पण तू जे तीन वर्षं पारखून, रेघ ओढून, नीट बघून ठरवलं होतंस ते बरोबर होतं, आणि ते चूक होतं असं समजून तू गेलास. तू चुकला नव्हतास, इनास. हे वाक्य या पुस्तिकेत ठळक छापा, असं मी लुसीला सांगितलंय. गाववाल्यांनीही वाचावं. वहीत लिहिलं असतंस तर, असं म्हणणाऱ्यांनी तर आधी वाचावं. ज्यांना मला बोलायचंय त्यांनी बोलावं. मी पत्ता बदललेला नाही.

लुसीला मी गेल्या रविवारी सांगितलं. तिने मला मशीन बघायला बोलावलं होतं. लोक अजून मिस्सेनंतर ओटीवर येतात, आकडे सांगतात, आणि तिला मशीन चालवता येत नाही म्हणून ती ते कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवते. तुझा पासवर्ड तिला माहीत होता, लपवून ठेवणारा तू नव्हतासच. मी चालू करून बघितलं. सगळं जागच्या जागी होतं, तिन्ही प्रती. मी तिला कसं उघडायचं, कुठे लिहायचं ते दाखवलं. तिने दोन विहिरींचे आकडे माझ्यासमोर स्वतः लिहिले, एका बोटाने. मग ती चहा घेऊन आली आणि मी बोलायला लागले ते शेवटापर्यंत थांबले नाही. फाईलमधली ओळसुद्धा सांगितली. सांगताना मला रडू आलं. तिला आलं नाही.

ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत बसली. बाहेर तुझी आई कोणाशी तरी तुमच्या घरच्या बोलीत बोलत होती. मला वाटलं, आता ही मला जायला सांगेल.

"महिनाभर जेवणात लक्ष नव्हतं त्याचं तेव्हा," लुसी म्हणाली.

"माहीत आहे."

"तुला सांगायला हवं होतं."

"हो."

"सांगितलं असतंस तर आठ दिवस बोलला नसता तुझ्याशी."

मी विचारलं, "आणि मग?"

"मग काय? नवव्या दिवशी आला असता भांडायला," ती म्हणाली. "तुझ्याशिवाय भांडायला होतं कोण त्याला?"

आठच दिवस होते, इनास. तेवढ्यांना भिऊन मी तुझी सात वर्षं घेतली.

सुनंदा